नकलाकार ते चरित्र अभिनेता: सुरज वेंजारमूडू

तिसरी घंटा

गेल्या आठवड्यात 'द ग्रेट इंडियन किचन' हा मल्याळम चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी सगळं लक्ष बायको झालेल्या निमिषा सजयनकडे होतं, आणि ते असायलाच हवं. या वेळी ठरवून नवऱ्याकडे, म्हणजे सुरज वेंजारमूडूकडे बघत बसलो. हॉटेलातला प्रसंग आठवतोय का? घरी हा माणूस चघळून उरलेला चोथा ताटाबाहेर, सरळ टेबलावर टाकतो. हॉटेलात मात्र सगळं नीट ताटलीत. बायको हसतहसत त्याला ते बोलून दाखवते आणि हा दुखावतो. आदळआपट नाही, आवाज चढवणं नाही. माझं घर आहे, मी मला हवं तसं करीन, एवढंच. मग घरी आल्यावर तिच्याकडून माफी वदवून घेतो. व्यवसायाने शिक्षक, बोलणं मऊ, वागणं सभ्य. शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत असेल असा माणूस, आणि म्हणूनच अंगावर येतो.

हा नट मुळात मिमिक्री आर्टिस्ट आहे हे कळल्यावर मी त्याची सगळी वाटचाल शोधत गेलो. ती इतकी विलक्षण निघाली की धागा काढल्याशिवाय राहवेना.

सुरजचा जन्म ३० जून १९७६ चा, तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या वेंजारमूडू गावचा. गावाचंच नाव आडनावासारखं लावलं. वडील सैन्यात होते आणि यालाही सैन्यातच जायचं होतं. सायकलवरून पडून हात मोडला आणि तो रस्ता बंद झाला. आयटीआय केलं, पण जीव रमला स्टेजवरच्या नकलांत. पुढे कैरळी टीव्हीवरच्या कार्यक्रमातून घरोघरी पोचला. त्याचं मुख्य भांडवल होतं तिरुवनंतपुरमच्या बाजूची बोली. २००५ साली 'राजमाणिक्यम'मध्ये मामुट्टीला ती बोली बोलायची होती, तेव्हा ती शिकवायला सुरज होता. एवढ्या मोठ्या नटाच्या तोंडी आपल्या गावाकडची भाषा बसवून देणारा हा पोरगा स्वतः मात्र तेव्हा पडद्यावर बारीकसारीक कामं करत होता.

मग विनोदी भूमिकांचा पूर आला. २००९ च्या 'चट्टंबिनाडू'मधला त्याचा दशमूलम दामू हा भित्रा गुंड केरळात इतका चालला की आजही मल्याळी मीम्समध्ये त्याच्याशिवाय पान हलत नाही. केरळ सरकारचा सर्वोत्कृष्ट विनोदी नटाचा पुरस्कार त्याला तीनदा मिळाला.

आणि आता खरी गोष्ट. डॉ. बिजू यांच्या 'पेररियात्तवर' या चित्रपटात त्याने एका सफाई कामगाराची भूमिका केली. नावाचा अर्थ 'ज्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही असे'. संवाद अगदी मोजके. एप्रिल २०१४ मध्ये याच भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, राजकुमार रावबरोबर विभागून. त्याच महिन्यात केरळ राज्याचेही पुरस्कार जाहीर झाले. त्यात सुरजला काय मिळालं? दुसऱ्याच एका चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट विनोदी नट! देशाने ज्याला त्या वर्षीचा उत्तम अभिनेता म्हटलं, त्याला घरच्यांनी पुन्हा विनोदाच्या खुर्चीत बसवलं.

मला हे वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. नकलाकाराला आपण अभिनेता मानतच नाही. 'छान नकला करतो' हे वाक्य आपण कौतुक म्हणून बोलतो, पण त्यात 'बाकी काही येत नसेल' हे गृहीत असतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. नकलाकाराकडे चरित्र अभिनेत्याचं अर्धं सामान आधीपासून असतं. तुम्हाला काय वाटतं?

काजूबी

सुंदर धागा. बोलीबद्दल लिहिलंत ते वाचून थबकलो.

मी मालवणी. लहानपणापासून बघत आलोय की मराठी सिनेमात मालवणी बोलणारा म्हणजे घरगडी नाहीतर गमतीदार मामा. वऱ्हाडी आणि अहिराणीचीही तीच गत. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण'मधून मालवणीला रंगभूमीवर मान मिळवून दिला हे खरं, पण तोसुद्धा हसवूनच. मालवणी बोलणारा माणूस पडद्यावर रडला आणि प्रेक्षक हसले नाहीत, असं किती वेळा झालंय?

तिरुवनंतपुरमच्या बोलीचंही तिकडे असंच असेल तर या माणसाचा प्रवास दुप्पट अवघड म्हणायचा. त्याने तोंड उघडलं की लोक हसायला तयारच बसलेले.

मालगाडी

अगदी तसंच आहे, काजूबी. रेल्वेच्या नोकरीत माझी नऊ वर्षं पालक्काडला गेली. तिथले सहकारी तिरुवनंतपुरमच्या माणसाची नक्कल केल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचे नाहीत.

एक उच्चाराचं सांगतो. आपण इंग्रजी स्पेलिंग बघून 'वेंजारमूडू' म्हणतो, पण मल्याळी माणूस 'वेञ्ञारमूड'च्या जवळपास काहीतरी म्हणतो. त्यातला ञ आपल्याकडे वर्णमालेच्या तक्त्यापुरताच उरलाय, तिकडे तो रोजच्या बोलण्यात आहे.

मिमिक्री हे केरळातलं फार मोठं प्रकरण आहे, ते थोडं सांगायला हवं. कोचीत फादर एबल यांनी १९६९ मध्ये कलाभवन ही संस्था काढली. १९८१ मध्ये त्यांच्या सहा पोरांनी एर्नाकुलमला 'मिमिक्स परेड' नावाचा कार्यक्रम केला. आधी दोन गाण्यांच्या मध्ये वेळ भरायला नकला असायच्या, इथे नकला हाच आख्खा कार्यक्रम झाला. त्या सहांत सिद्दीक आणि लाल हे दोघे होते. पुढे याच जोडीने १९८९ मध्ये 'रामजीराव स्पीकिंग' लिहिला आणि दिग्दर्शित केला, ज्याच्यावरून आपला 'हेराफेरी' आला. जयराम कलाभवनचाच. कलाभवन मणी तर नावातच संस्था घेऊन वावरला. चालकुडीचा रिक्षावाला, १९९९ च्या चित्रपटात अंध गायक झाला आणि केरळ रडलं.

म्हणजे तिकडे नकलाकाराला सिनेमात वाट होती. तरीही 'मिमिक्रीवाला' हा शिक्का होताच. सलीम कुमारचं उदाहरण घ्या. वर्षानुवर्षं विनोदी कामं, आणि मग 'आदमिंटे मकन अबू'मध्ये हजला जाण्यासाठी पै-पै जोडणारा म्हातारा अत्तरविक्या. २०१० चा राष्ट्रीय पुरस्कार, धनुषबरोबर विभागून.

आणि तिसरी घंटा, तुमच्या २०१४ च्या गोष्टीत एक भर. त्या वर्षी केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार फहाद फासिल आणि लाल यांना विभागून मिळाला होता. लाल म्हणजे मिमिक्स परेडमधलाच तो लाल. तेव्हा 'घरच्यांनी नकलाकाराला अभिनेता मानलं नाही' असं सरसकट म्हणता येणार नाही.

तिसरी घंटा

मालगाडी, मनापासून आभार. लालचा हा धागा माझ्या लक्षातच आला नव्हता. सरसकट विधान मागे घेतो. सुरजच्या बाबतीतली हळहळ मात्र तशीच आहे.

उंबरा

'दृश्यम'मधला कॉन्स्टेबल सहदेवन करणारा कलाभवन शाजोनसुद्धा मिमिक्रीतूनच आला ना? हिंदीत ती भूमिका, म्हणजे गायतोंडे, आपल्या कमलेश सावंतांनी केली. मूळ बघताना मला शाजोनचा इतका राग आला होता की नंतर त्याचे विनोदी प्रसंग समोर आले तरी हसू येईना.

एकपात्री

हा धागा माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी अकरा वर्षं नकलांचे कार्यक्रम केले. गणपती, गॅदरिंग, लग्नातला संगीताचा कार्यक्रम, कंपन्यांची स्नेहसंमेलनं. नक्कल कशी बसते ते सांगतो, म्हणजे पुढचा मुद्दा स्पष्ट होईल. लोकांना वाटतं आवाज हुबेहूब काढला की झालं. आवाज शेवटी येतो. आधी पकडायचा तो श्वास. माणूस वाक्याच्या कुठल्या शब्दावर थांबून हवा घेतो ते कळलं की निम्मं काम झालं. मग ठेका, म्हणजे कुठला शब्द लांबवतो आणि कुठला गिळतो. मग एखादी लकब: मान, खांदा, बोट. हे तीन जमले की आवाज थोडा इकडेतिकडे झाला तरी लोक टाळी देतात.

पण यात एक मेख आहे. पहिल्या चार सेकंदांत लोकांना ओळख पटली पाहिजे, नाहीतर हातातून स्टेज जातं. म्हणून आपण ती लकब असते त्याच्या दीडपट करतो. सवयच लागते. समोरच्या माणसात जे वेगळं, तेवढंच डोळा टिपतो. बाकीचा माणूस, जो चारचौघांसारखा असतो, तो दिसेनासाच होतो.

मला याची चांगलीच ठेच लागली. एका हौशी संस्थेच्या एकांकिकेत मला म्हाताऱ्याची भूमिका मिळाली. म्हातारे मी स्टेजवर शेकड्यांनी केले होते. कापरा आवाज, वाकलेली पाठ, कमरेवर हात, सगळं तयार. पहिल्याच तालमीला हशा पिकला. दिग्दर्शिका मात्र गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुई-दोरा आणला आणि म्हणाल्या, बोलू नकोस, वाकू नकोस, हा दोरा ओव. वीस मिनिटं मी समोरच्या खिडकीच्या उजेडात सुई धरून बसलो होतो. त्यांनी खोलीतला दिवाही लावू दिला नाही. थोड्या वेळाने माझी मान आपोआप मागे गेली, हात लांब झाला, ओठ मुडपले गेले. तेव्हा त्या म्हणाल्या, हा म्हातारा ठेव, कालचा घरी ठेवून ये.

'अँड्रॉइड कुंजप्पन' बघताना मला ती सुई आठवली. सुरज तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा. पय्यन्नूरचा हट्टी, कुरकुऱ्या म्हातारा भास्कर पोदुवाळ. मुलगा परदेशात, आणि सोबतीला घरी रोबोट आणून ठेवलेला. नकलाकाराला पुरेपूर मोह पडावा अशी भूमिका. पण तो म्हातारपण कुठेच 'दाखवत' नाही. घरातल्या यंत्रांवर, मुलावर, येणाऱ्याजाणाऱ्यावर त्याची कुरबुर चाललेली असते, आणि त्या कुरबुरीतून वय कळतं. अकरा वर्षं ज्या दीडपटीची सवय लागते ती या माणसाने कशी सोडवली असेल, हे माझ्यासारख्यालाच ठाऊक.

थोडक्यात, तिसरी घंटा, अर्धं सामान असतं हे कबूल. पण त्याच सामानातलं निम्मं आधी फेकावं लागतं.

दुपारचा चहा

एकपात्री, काय लिहिलंय! तो सुई-दोऱ्याचा प्रसंग मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

सातबारा

थोडा वेगळा सूर लावतो. सगळं श्रेय मिमिक्रीला आणि जिद्दीला देऊ नका. २०१४ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यावर सुरजला लगेच मोठ्या भूमिका आल्या का? नाही. 'पेररियात्तवर' थिएटरात किती लोकांनी पाहिला असेल, शंकाच आहे. त्याचं नशीब पालटलं ते २०१६ च्या 'ॲक्शन हिरो बिजू'तल्या जेमतेम दोन प्रसंगांनी. पोलीस ठाण्यात आलेला एक बाप. बायको मुलीला घेऊन गेलेली, आणि तिथेच त्याला कळतं की मुलगी त्याची नाही. काही मिनिटांचं काम. पण ते दिग्दर्शकाने त्याला दिलं हे महत्त्वाचं.

मग २०१७ मध्ये दिलीश पोतनने त्याला 'तोंडिमुदलुम दृक्साक्षियुम'मध्ये घेतलं. (नावाचं चपखल मराठी म्हणजे 'मुद्देमाल आणि साक्षीदार'. आपल्या पंचनाम्यातलाच शब्द.) बसमध्ये बायकोच्या गळ्यातली साखळी चोर मारतो आणि गिळतो, आणि मग कासरगोडकडच्या एका ठाण्यात नवरा-बायको, चोर आणि पोलीस अडकून पडतात. चोर म्हणजे फहाद. टाळ्यांच्या जागा सगळ्या त्याच्या, सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला. सुरजच्या वाट्याला काय? हताश होऊन बाकावर बसणं. चोर आपलं नावसुद्धा याचंच सांगतो, प्रसाद! नावही चोरीला गेलेला माणूस. तिथे सुरजने एकदाही प्रेक्षकांकडे हात पसरला नाही.

माझा मुद्दा असा की चांगलं लिहिणारे आणि विश्वास टाकणारे भेटले म्हणून हे झालं. आपल्याकडे जॉनी लिव्हरचं काय झालं? लहानपण धारावीत, रस्त्यावर नटांचे आवाज काढत पेनं विकली, हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात काम केलं, तिथल्या नकलांवरून नावच ते पडलं. शेकड्यांनी चित्रपट केले. निरीक्षण किती तगडं, ते कुणीही सांगेल. पण त्याला बाकावर गप्प बसवून कॅमेरा लावणारा दिग्दर्शक किती वेळा भेटला?

काजूबी

सातबारा, शंभर टक्के पटलं. मराठीत भाऊ कदम आठवले. 'नशीबवान'मध्ये त्यांनी सफाई कामगार केला होता, २०१९ च्या जानेवारीत आला होता. ते नकलाकार नाहीत, स्किटवाले, पण अडचण तीच. मी थिएटरात पाहिला. माझ्या मागची मंडळी भाऊ पडद्यावर आले की हसत होती. प्रसंग गंभीर होता, तरी हसत होती. मला मागे वळून त्यांना गप्प करावंसं वाटलं. भाऊंनी काहीच चुकीचं केलं नव्हतं.

तिसरी घंटा

काजूबी, म्हणजे सवय प्रेक्षकांनाही सोडवावी लागते. आणि त्याला दोन-चार चित्रपट जावे लागतात, एकाने भागत नाही. सुरजच्या बाबतीत २०१९ हे ते वर्ष असावं. त्या एका वर्षात 'फायनल्स'मधला बाप, 'अँड्रॉइड कुंजप्पन'मधला म्हातारा, 'विकृती'मधला एल्दो आणि 'ड्रायव्हिंग लायसन्स'मधला कुरुविला. त्यांतल्या 'कुंजप्पन' आणि 'विकृती'साठी केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार. ज्या सरकारने तीनदा विनोदी नट म्हटलं, त्यांनीच.

'ड्रायव्हिंग लायसन्स'बद्दल जरा बोलतो, कारण हिंदीत 'सेल्फी' झाला तेव्हा यातली गंमत हरवली. कुरुविला मोटार वाहन निरीक्षक. एका सुपरस्टारचा जीव ओवाळून टाकणारा चाहता. गैरसमजातून तो स्टार याचा याच्या मुलासमोर अपमान करतो आणि चाहत्याचा वैरी होतो. आता विचार करा, नकलाकाराचं आयुष्य म्हणजे काय? आवडत्या नटाचे चित्रपट पारायण केल्यासारखे बघायचे, त्याचा श्वास स्वतःच्या छातीत भरायचा, आणि स्टेजवर उभं राहून त्याच्या नावाची टाळी घ्यायची. मामुट्टी, मोहनलाल यांचे आवाज काढत केरळात पिढ्या वाढल्या. सुरज स्टारपुढे उभा राहतो तेव्हा त्या भक्तीची आणि दुखावलेपणाची सरमिसळ त्याला कुठून शोधून आणावी लागली नसेल. हा माझा अंदाज आहे, पण चित्रपट बघताना माझी खात्री झाली.

दुपारचा चहा

'विकृती' नाव वाचून मी आतापर्यंत तो टाळत आले होते. काहीतरी भयंकर असेल असं वाटलं. बघण्यासारखा आहे का? घरी आई असते, तिला हिंसा चालत नाही.

मालगाडी

दुपारचा चहा, बिनधास्त बघा. मल्याळममध्ये विकृती म्हणजे खोडी, व्रात्यपणा. लहान मुलांना सर्रास म्हणतात. संस्कृतातून दोन्हीकडे गेलेला शब्द, पण दोन घरी दोन अर्थ लागले.

गोष्ट खऱ्या घटनेवर आहे. कोची मेट्रोत एक माणूस सीटवर आडवा झोपला होता. कुणीतरी फोटो काढला, 'दारुडा' म्हणून टाकला आणि तो वाऱ्यासारखा पसरला. प्रत्यक्षात तो मूकबधिर होता आणि इस्पितळात आजारी माणसाजवळ जागून थकला होता. फोटो टाकणारा झालाय सौबिन शाहिर. खोडी त्याची.

एकपात्री

आणि यात लक्षात घ्या, एल्दो बोलत नाही. एक अक्षर नाही. ज्याची सगळी कमाई गळ्यावर, ज्याने दुसऱ्यांना बोली शिकवली, त्याचा गळा काढून घेतला. उरले हात आणि चेहरा. दीडपट करायचा सगळ्यात मोठा धोका इथे होता, कारण खुणांच्या भाषेत बोलणाऱ्याची टवाळी करणारे नकलाकार मी स्वतः पाहिलेत, आणि तेव्हा गप्प बसलो याचं मला आजही वाईट वाटतं. एल्दो बघून कुणाची टवाळी करावी असं वाटणार नाही.

सातबारा

अनुमोदन. पत्नीच्या भूमिकेतली सुरभी लक्ष्मीही तितकीच खरी. दोघं भांडतात तेव्हा घरात आवाज नसतो आणि तरी भांडण ऐकू येतं.

उंबरा

२०२२ च्या 'जन गण मन'मधला सुरजचा पोलीस अधिकारी कुणी पाहिलाय का? आणि २०२५ मध्ये विक्रमबरोबर तमिळमध्येही आला. तिथे तर त्याची जुनी विनोदी प्रतिमा माहीतच नसलेले प्रेक्षक असणार. त्यांना हा सरळ सरळ एक नट म्हणूनच भेटला.

दुपारचा चहा

काल रात्री आईबरोबर 'विकृती' पाहिला. तिला हल्ली ऐकू कमी येतं आणि सबटायटल्स वाचायचा कंटाळा करते, म्हणून मी शेजारी बसून सांगत होते. अर्ध्या तासाने तिने मला हाताने गप्प केलं. मला कळतंय, म्हणाली.

मेट्रोतल्या झोपेचा प्रसंग तिने मागे घेऊन परत लावायला सांगितला. मला वाटलं काही सुटलं असेल. ती म्हणाली, नाही गं, तुझे बाबा दवाखान्यातून आले की असेच झोपायचे, चपला पायातच. आजोबा ॲडमिट होते तेव्हाची गोष्ट. मला आठवायचं कारण नाही, मी चार वर्षांची होते.

आता ती विचारतेय, याचा अजून कुठला आहे. 'कुंजप्पन' कुठे बघायला मिळेल?